अध्यक्षपद देतायत पण सहीचे अधिकार नाहीत, घेऊ का?

खिडकीजवळ

नमस्कार. बरेच महिने इथे नुसतं वाचत होते (म्हणजे ऐकत होते, स्क्रीन रीडरवर), आज पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी पूर्ण अंध आहे, एकोणिसाव्या वर्षापासून. अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत सहा वर्षं आहे, आधी स्वयंसेवक म्हणून आणि मग पगारावर. "आमची संस्था" असं तोंडात बसलंय खरं, पण ती सुरू केली काही पालकांनी आणि काही भल्या माणसांनी, आणि आजवर कार्यकारिणीत अपंग माणूस एकच, तोही पुरुष, तोही बहुतेक वेळा मान डोलावून मोकळा होतो. बाई एकही नाही. कामाला मात्र निम्म्याहून जास्त आम्हीच.

तर मागच्या महिन्यात अचानक फोन आला की पुढच्या सभेत अध्यक्षपदासाठी तुझं नाव मांडतोय, आणि सचिव म्हणून माझी मैत्रीण, ती व्हीलचेअर वापरते. दोन मिनिटं भारी वाटलं, खोटं कशाला बोलू. मग दोन दिवसांनी कळलं की निधी देणाऱ्यांच्या नव्या फॉर्ममध्ये एक रकाना आलाय, नेतृत्वात अपंग व्यक्ती किती आणि त्यात स्त्रिया किती. आमचं उत्तर एक आणि शून्य. तो रकाना भरायचाय, एवढंच.

मी विचारलं सहीचे अधिकार कोणाकडे राहणार, तर म्हणे आहेत तसेच, खजिनदार आणि संस्थापक, "तुला कशाला तो ताप". विषयपत्रिका कोण ठरवणार, तर "ते ऑफिस बघेल ना". आणि कहर म्हणजे ज्या सभेत मला अध्यक्ष करणार तिची नोटीस मला आली तीच मुळी कागदाचा मोबाईलवर काढलेला फोटो! स्क्रीन रीडर म्हणतो "इमेज" आणि गप्प बसतो. मी शेजारच्या मुलीकडून वाचून घेतली.

आता दोन रस्ते दिसतायत. एक तर हो म्हणून आत शिरावं आणि आतून बदलावं. नाहीतर आम्ही पाच जणींनी (मी, व्हीलचेअरवाली मैत्रीण, एक कर्णबधिर, एक मनोसामाजिक, म्हणजे मानसिक आजारातून आलेलं, अपंगत्व असलेली आणि एक जिला स्नायूंचा आजार आहे ती) आपली वेगळी संस्था काढावी. पहिल्यात शोभेची बाहुली व्हायची भीती. दुसऱ्यात पैसा नाही, ऑफिस नाही, अनुभव अर्धवट. आणि नाही म्हटलं तर लगेच ऐकायला मिळणार की आम्ही तर द्यायला तयार होतो, यांनाच जबाबदारी नको.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, हो म्हणायच्या आधी काय काय मागून घेऊ?

ता. क. मी "अपंग" लिहितेय, "दिव्यांग" नाही. त्यावर इथे वाद नको प्लीज, तो दर महिन्याला दुसऱ्या धाग्यात होतोच.

---

कुबडीवाली

घे. पण तोंडी काही घेऊ नकोस, सगळं ठरावात लिहून घे.

मी अशीच अध्यक्ष झाले होते, तीन वर्षं होते. पहिल्या वर्षीची गोष्ट सांगते म्हणजे तुला कळेल मी काय म्हणतेय. एका परिषदेत एक बाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या तुम्ही वेगळ्या निवासी शाळांना पाठिंबा देता हे वाचून आश्चर्य वाटलं. मी म्हटलं मी कुठे दिला? मी स्वतः अशा शाळेत आठ वर्षं काढलीत आणि त्यानंतरचं सगळं आयुष्य त्याविरुद्ध बोलण्यात घालवलंय. तर त्यांनी फोनवर निवेदनच दाखवलं. खाली माझी सही. झालं असं होतं की माझ्या सहीचा स्कॅन ऑफिसात होता, "वेळ नव्हता, तुम्हाला त्रास नको म्हणून" त्यांनी तो चिकटवला. त्रास नको! हा शब्द ऐकला की अजूनही माझ्या पोटात गोळा येतो, कारण आपल्याला ज्या ज्या गोष्टीतून बाहेर ठेवलं जातं ना ती सगळी आपल्याला त्रास नको म्हणूनच.

त्या दिवशी घरी येऊन मी राजीनामा लिहिला, मग फाडला, आणि त्याऐवजी चार ओळींचं पत्र दिलं. सहीचा स्कॅन डिलीट करा. माझ्या नावाने जाणारा प्रत्येक कागद आधी मला. विषयपत्रिका सात दिवस आधी आणि ती मी ठरवणार. आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या कामाचा वार्षिक आढावा अध्यक्ष घेणार. शेवटच्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त खळखळ झाली, त्यावरून ओळख की खरं वजन कुठे असतं ते. ज्याचा आढावा तू घेऊ शकत नाहीस तो तुझं ऐकेल कशाला?

आणखी एक. निवेदनं द्यायला जाशील तेव्हा बरोबर कोण आहे हे नीट बघून ने. आम्ही एकदा एका मोठ्या अधिकाऱ्याकडे गेलो, मी बोलतेय आणि साहेब माझ्या शेजारच्या सहकाऱ्याला विचारतायत, "यांचं म्हणणं काय आहे?" हे तर सगळ्यांनाच माहितीये. पण त्या सहकाऱ्याने काय केलं, उत्तरच दिलं नाही, डायरी उघडली आणि खाली मान घालून लिहित बसला. साहेबांनी पुन्हा विचारलं, हा लिहितोच आहे. तिसऱ्यांदा साहेब माझ्याकडे वळले. अपंग नसलेल्या माणसाने आपल्या चळवळीत काय करावं असं कोणी विचारलं की मी हीच गोष्ट सांगते.

आणि तुझ्या हातात एक चांगलं हत्यार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीने (अपंगांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार देश पाळतात का ते बघणारी) २०१८ मध्ये जनरल कमेंट नंबर ७, म्हणजे कराराचा अर्थ उलगडून सांगणारी टिप्पणी, काढली, त्यात अपंगांच्या संस्था आणि अपंगांसाठीच्या संस्था यात स्पष्ट फरक केलाय. अपंगांची संस्था म्हणजे जी अपंग माणसंच चालवतात, तीच दिशा ठरवतात आणि सभासदांतही बहुमत त्यांचंच असतं. मराठीत तर सगळा खेळ शब्दाच्या शेपटीचा आहे, "ची" की "साठी". तुमच्या लोकांना विचार, फॉर्मवर काय लिहिणार आहात?

---

उलटतपासणी

मी जरा वेगळं बोलतो, चिडू नका.

एक, ज्यांनी संस्था उभी केली, वर्षानुवर्षं पदरमोड केली, त्यांना एकदम व्हिलन करणं मला पटत नाही. दोन, नेतृत्व लायकीवर असावं. अपंग आहे म्हणून अध्यक्ष आणि बाई आहे म्हणून अध्यक्ष, हे दोन्ही मला रकाना भरण्यासारखंच वाटतं. आणि तीन, अपंगांचे प्रश्न आधीच दुर्लक्षित, त्यात पुन्हा स्त्रियांचा वेगळा गट केला तर आवाज आणखी बारीक नाही का होणार? रॅम्प काय बाईसाठी वेगळा असतो?

---

चाक_आणि_मी

@उलटतपासणी रॅम्पचा प्रश्न चांगलाय, त्यावरूनच सुरू करते.

नवऱ्याच्या मारहाणीतून पळून आलेल्या बायकांसाठी निवारा असतो, माहिती असेल. तो बहुतेक ठिकाणी पहिल्या मजल्यावर असतो नाहीतर दारात तीन पायऱ्या असतात. आता तो रॅम्प कोणी मागायचा? अपंगांच्या संस्थेच्या यादीत बस, शाळा, सरकारी ऑफिस, मतदान केंद्र असतं, निवारा नसतोच, कारण यादी करणाऱ्यांना कधी तिथे जायची वेळ आलेली नसते. आणि स्त्रियांच्या संस्थेला वाटतं चाकाच्या खुर्चीतली बाई म्हणजे अपंगांच्या संस्थेचं काम. तो रॅम्प दोन संस्थांच्या मधल्या फटीत पडलेला आहे. फटीत राहणाऱ्या बाईलाच तो दिसतो. "वेगळा गट" कशाला, याचं उत्तर माझ्यापुरतं हे आहे.

आणि रॅम्प सोपा विषय झाला. मुलीला न विचारता, न सांगता नसबंदी किंवा गर्भाशय काढून टाकणं, जगभर झालेलं आहे आणि होतंय, आणि ते करणारे बहुतेक वेळा तिच्या घरचे आणि डॉक्टर, "तिच्या भल्यासाठी". संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराच्या कलम २३ मध्ये प्रजननक्षमता टिकवायचा हक्क इतरांच्या बरोबरीने आहे असं स्पष्ट लिहिलंय. आता मला सांगा, पालकांनीच चालवलेल्या संस्थेत हा विषय अजेंड्यावर कोण आणणार? काळजी घेणाऱ्याकडूनच छळ होतो तेव्हा त्याची तक्रार कोणाकडे, आंघोळ घालायला येणाऱ्या माणसाबद्दल बोलायचं कोणापुढे, मॅमोग्राफीचं मशीन उभं राहता न येणाऱ्या बाईसाठी कसं खाली येणार, हे विषय मी वीस वर्षं सभांना जाऊन पुरुष अध्यक्षाच्या तोंडून एकदाही ऐकले नाहीत. ते वाईट नव्हते हो. त्यांना सुचलंच नाही.

लायकीचं म्हणाल तर जूडी ह्यूमनचं उदाहरण घ्या. अमेरिकेतली, लहानपणी पोलिओ झालेली. शिक्षिका व्हायचं होतं, लेखी पास, तोंडी पास, आणि मेडिकलमध्ये नापास, कारण व्हीलचेअर, आग लागली तर मुलांना बाहेर कशी काढणार म्हणे. १९७० मध्ये ती कोर्टात गेली, लायसन्स मिळवलं, त्याच वर्षी मित्रमैत्रिणींबरोबर डिसेबल्ड इन अॅक्शन नावाची संस्था काढली. पुढे सरकारात सहायक सचिवाच्या हुद्द्यापर्यंत गेली. लायकी होतीच, लायकी मोजायची पट्टी कोणाच्या हातात होती एवढाच प्रश्न.

आणि तुम्हाला वाटत असेल की जिथे सगळेच अपंग आहेत तिथे तरी बायकांना जागा मिळत असेल, तर ऐका. वर ज्या समितीचं नाव आलं तिच्यात १८ सदस्य असतात. करारातच लिहिलंय की स्त्री-पुरुष समतोल राखावा. २०१६ च्या निवडणुकीत नऊ जागांवर एकही बाई निवडून आली नाही आणि २०१७-१८ मध्ये १८ पैकी एकच बाई उरली, तेरेसिया डेगेनर. एक! जगातल्या अपंगांच्या हक्कांवर लक्ष ठेवणारी समिती. मग जगभरच्या अपंग स्त्रियांच्या संघटनांनी त्यावर आरडाओरडा केला आणि २०१८ मध्ये नऊपैकी सहा बायका आल्या. पुढे रोझमेरी केयेस आणि मग गर्ट्रूड फेफोआमे अशा दोघी तिच्या अध्यक्षही झाल्या. दोन वर्षांत जगातल्या बायकांची लायकी अचानक वाढली असं तर नसेल ना?

@खिडकीजवळ तुला मूळ प्रश्नाचं उत्तर दिलंच नाही मी. घे पद. आणि मैत्रिणीला सचिव करतायत ना, ते सोडू नकोस. एकटी बाई असली की तिचं मत "तिचा स्वभाव" होतो. दोघी असल्या की निदान तो मुद्दा तरी होतो.

---

बोटांची_भाषा

मी कर्णबधिर. साइन लँग्वेज माझी पहिली भाषा, मराठी दुसरी, चुका असतील.

ताई तुमच्या पाच जणींत एक कर्णबधिर आहे लिहिलं. छान. पण तिला विचारलं का सभेत दुभाषी कोण? मी एका अपंग स्त्रियांच्याच गटात चार वर्षं होते. सगळ्या मैत्रिणी. सगळ्या हक्कांच्या गोष्टी करणाऱ्या. सभेत दुभाषी असायची, दोन तास. सभा संपली की दुभाषी जाते. आणि मग खरे निर्णय होतात, दारात उभं राहून, गाडीची वाट बघताना, फोनवर. दुसऱ्या दिवशी मला कळतं की ठरलं. मी विचारते कधी ठरलं, तर म्हणतात अगं कालच नाही का बोललो आपण. आपण म्हणजे कोण?

अजून एक मजा. आमच्या गटात एक अंध ताई होत्या. त्यांना टाइप करायला वेळ लागायचा म्हणून त्या व्हॉइस नोट पाठवायच्या. मला व्हॉइस नोट म्हणजे रिकामा डबा. मी सोपं पडतं म्हणून साइनचा व्हिडिओ पाठवायचे. त्यांना तो म्हणजे शांतता. सहा महिने आम्ही दोघी एकमेकींवर रागावून होतो, दोघींना वाटायचं ही मुद्दाम करते. मग नियम केला, काहीही पाठवा पण खाली दोन ओळी मजकूर हवाच, आणि ज्याला वेळ लागतो त्याच्यासाठी उत्तराची मुदत दोन दिवस. एवढं साधं. पण ते भांडण झालं नसतं तर नियम झाला नसता.

१९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सरकारी इमारतीत अपंगांनी ठिय्या दिला होता, जवळजवळ महिनाभर, कलम ५०४ चे नियम लागू करा म्हणून (अमेरिकेच्या कायद्यातलं कलम, सरकारी पैसा घेणाऱ्यांनी अपंगांशी भेदभाव करायचा नाही असं सांगणारं). जूडी ह्यूमन आणि किटी कोन दोघी त्यात पुढे होत्या. आतले फोन बंद केले. तेव्हा आतल्या कर्णबधिरांनी खिडकीत उभं राहून साइनमध्ये बाहेर निरोप दिले. बोलणाऱ्यांचं बोलणं बंद झालं तेव्हा आमची भाषा चालली. मला ही गोष्ट फार आवडते. पण मी नेहमी विचार करते, फोन बंद व्हायच्या आधी तिथे त्यांना कोणी काही विचारत होतं का.

---

लेकीची_आई

मी तुम्ही सगळ्या ज्यांच्याबद्दल बोलताय त्या पालकांपैकीच. @चाक_आणि_मी तुमचा परिच्छेद वाचून आधी राग आला, मग दोन तासांनी पुन्हा वाचला.

माझ्या मुलीला बौद्धिक अपंगत्व आहे, ती चोवीस वर्षांची आहे. आमच्या पालक-गटात दोन वर्षांपूर्वी ठरलं की मुलामुलींपैकी दोघांना कार्यकारिणीत घ्यायचं. मीच विरोध केला होता. मला वाटलं हिला तिथे बसवून ठेवायचं आणि फोटो काढायचा, अपमान आहे तिचा. पण एका कार्यकर्तीने सांगितलं की हे काही नवीन नाही, पीपल फर्स्ट म्हणून चळवळ १९७४ मध्ये अमेरिकेत ओरेगॉनला सुरू झाली ती बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांनीच, आणि न्यूझीलंडचे रॉबर्ट मार्टिन, ज्यांचं लहानपण संस्थांमध्ये गेलं, ते २०१६ मध्ये त्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीवर निवडून गेले, बौद्धिक अपंगत्व असलेले पहिलेच. मग म्हटलं बघू.

आमच्याकडे तीन कार्डं आहेत. लाल म्हणजे थांबा, मला कळलं नाही. पिवळं म्हणजे हळू. हिरवं म्हणजे चालू दे. पहिल्या सभेत लेकीने लाल कार्ड सतरा वेळा दाखवलं. सभा दोन तासांची साडेतीन तास चालली, सगळे घायकुतीला आले. पण सहाव्या का सातव्या वेळी गंमत झाली, खजिनदार "तरतुदींचं पुनर्विनियोजन" म्हणाले, लाल कार्ड आलं, ते सोप्या शब्दांत सांगायला लागले आणि सांगता सांगता अडकले. म्हणजे त्यांनाच नीट माहीत नव्हतं. आणि आम्ही बाकीचे शहाणे वर्षभर त्यावर माना डोलावत होतो! आता कागद आधी सोप्या भाषेत येतात, लहान वाक्यं, मोठी अक्षरं, शेजारी चित्रं, आणि खरं सांगते मी पण तेच वाचते.

मला जड गेलं ते वेगळंच. तिच्या मदतीला मी बसायचं नाही असं ठरलं. मदतनीस दुसरी मुलगी, मी खोलीच्या बाहेर. कारण मी असले की ती बोलायच्या आधी माझ्याकडे बघते. दारासमोर बसून आतलं काही ऐकू येत नाही आणि आपली पोर आत मत देतेय, हे मला अजून नीट जमत नाही. तुमच्या संस्थापकांचं काय होत असेल याची मला थोडी कल्पना आहे. म्हणून त्यांना सोडा असं म्हणत नाहीये. त्यांना बाहेरची खुर्ची द्या, पण हाकलू नका, एवढंच.

---

ताळेबंद

मी लेखापरीक्षण करतो, अपंग नाही, त्यामुळे फक्त कामाचं बोलतो.

१. अध्यक्षपद आणि सहीचे अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेला अध्यक्ष कोण याचं घेणंदेणं नसतं, तिला ठराव लागतो की या या व्यक्ती सही करतील. त्यामुळे ज्या सभेत निवड त्याच सभेत तो ठराव. "पुढच्या सभेत बघू" म्हटलं की समजा गेलं.

२. तुम्ही अंध आहात म्हणून कोणी म्हणेल की सही कशी करणार. दोघांच्या मंजुरीचं ऑनलाइन बँकिंग घ्या, एकाने व्यवहार टाकायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा. वेबसाइट स्क्रीन रीडरवर चालते का ते आधी तुम्ही स्वतः तपासा, ऑफिसला तपासायला सांगू नका. आणि "मी वाचून दाखवतो, तुम्ही सही करा" हे कोणाकडूनही ऐकून घेऊ नका, नवऱ्याकडूनही. कागद आधी मजकूर स्वरूपात ईमेलवर, मग सही.

३. दुभाषी, मदतनीस, सोप्या भाषेतले कागद, प्रवासात सोबत, याचं बजेटमध्ये स्वतंत्र शीर्षक करा. मी किती तरी संस्थांचे हिशोब बघितले, हे सगळं "इतर खर्च" मध्ये असतं आणि पैसे कमी पडले की पहिली कात्री तिथेच लागते. स्वतंत्र शीर्षक असलं की निदान कात्री लावणाऱ्याला तसं लिहावं तरी लागतं.

४. नियमावलीत दुरुस्ती: कार्यकारिणीत अपंग व्यक्तींचं बहुमत आणि त्यात स्त्रिया किमान इतक्या. आत्ता तुम्हाला घेतायत ते मर्जीवर आहे. मर्जी बदलते.

---

अर्धी_झोप

कोणीच बोललं नाही म्हणून मी बोलते. मनोसामाजिक अपंगत्व. दोनदा अॅडमिट झालेय, एकदा मर्जीने आणि एकदा नाही.

अंध बाई चिडली तर लोक म्हणतात ती चिडली. मी चिडले तर म्हणतात गोळ्या घेतल्यास का. सभेत. सगळ्यांसमोर. अपंगांच्या संस्थेत. आपल्यात पण उतरंड आहे हं, आणि सगळ्यात खालच्या पायरीवर कोण ते सगळ्यांना ठाऊक आहे.

करारात सगळ्यांना कायद्याच्या दृष्टीने स्वतःचे निर्णय घ्यायचा बरोबरीचा हक्क आहे असं जे कलम १२ आहे ना, त्याच्या मसुद्यात आमच्या लोकांचा मोठा हात होता, टीना मिन्कोविट्झ वगैरे, जे स्वतः मानसोपचार व्यवस्थेतून गेले होते. म्हणजे ज्यांना कोर्टात "सही करायला अपात्र" म्हणतात त्यांनी सहीचं कलम लिहिलं.

प्रॅक्टिकल सांगते. एकच अध्यक्ष नको, दोघी सहअध्यक्ष करा. माझे वर्षातले दोन महिने जातात, कधी जाणार ते आधी माहीत नसतं. आमच्याकडे मी आणि दुसरी, तिला संधिवात आहे, तिचेही दिवस जातात. एकीचे वाईट दिवस असतात तेव्हा दुसरी धरते. ठरलेला मेसेज आहे, फक्त "तू घे". कारण विचारायचं नाही. तीन वर्षांत दोघी एकाच वेळी आडव्या झालोय फक्त एकदा, आणि त्या आठवड्यात काही आभाळ कोसळलं नाही, एक पत्र उशिरा गेलं.

आणि प्लीज, अध्यक्ष झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत तुला पन्नास ठिकाणी बोलावतील "प्रेरणादायी प्रवास" सांगायला. स्टेला यंगचं २०१४ चं भाषण ऐक जमलं तर, ऑस्ट्रेलियाची होती, व्हीलचेअर वापरायची, अपंगांना दुसऱ्यांच्या प्रेरणेचा माल बनवतात त्यावर बोललीये, फार विनोदी आहे. बोलावलं की विचार, विषय मी ठरवू का? नाही म्हणाले तर जाऊ नकोस.

---

उलटतपासणी

तो १८ पैकी एकचा आकडा मला माहीत नव्हता. बाकी लायकीवर माझं मत अजून तेच आहे, पण मोजपट्टी कोणाकडे हा मुद्दा ठीक आहे, मान्य. कार्डांची आयडिया आमच्या सोसायटीच्या सभेत पण पाहिजे, मी लाल कार्ड घेऊन बसलो असतो.

---

कुबडीवाली

@अर्धी_झोप गोळ्यांचं वाक्य मीही एकदा बोललेय. तुला नाही, दुसऱ्या एकीला, सहा-सात वर्षांपूर्वी. आत्ता तुझं वाचल्यावर आठवलं. तिचा नंबर आहे अजून माझ्याकडे. बघते.

---

खिडकीजवळ

उशीर झाला उत्तराला. काल झाली सभा.

आधी आम्ही पाच जणी भेटलो. मी कर्णबधिर मैत्रिणीला विचारलं की आपल्या आतापर्यंतच्या भेटींमध्ये तुला किती कळायचं, तर तिने जे सांगितलं ते इथे लिहित नाही, लाज वाटली. या वेळी दुभाषी आणली, वर्गणी काढून. वेगळी संस्था आत्ता नाही असं ठरलं, पण आमचा पाच जणींचा गट बंद करायचा नाही, दर पंधरा दिवसांनी भेटायचं, आत काय चाललंय ते मी आणि सचिव बाहेर येऊन सांगणार. म्हणजे आम्ही बाहुल्या व्हायला लागलो तर कोणीतरी सांगेल.

सभेत मी म्हटलं, पद घेते, चार अटी आहेत, आणि त्या मी ब्रेलमध्ये लिहून नेल्या होत्या, वाचताना सगळे एकदम शांत झाले, बहुतेक मी बघून वाचत नाहीये याचीच गंमत वाटली असावी. सहीचा ठराव तिथल्या तिथे झाला, खजिनदार आणि मी. याचं श्रेय ताळेबंद दादांना, "पुढच्या सभेत बघू" हे वाक्य अक्षरशः जसंच्या तसं आलं आणि मी तयार होते. विषयपत्रिका सात दिवस आधी आणि मजकुरात, हेही झालं. सुलभतेचं वेगळं शीर्षक मान्य, रक्कम पुढच्या बजेटमध्ये. नियमावलीतली दुरुस्ती मात्र अडली. संस्थापक म्हणाले "आमच्यावर विश्वास नाही का?" आणि त्यांचा आवाज खरंच भरून आला होता. मला एकदम लेकीची आई आठवल्या. मी म्हटलं काका, विश्वास आहे, पण तुम्ही आणि मी दोघंही नसू तेव्हा काय. त्यावर बरंच बोलणं झालं आणि शेवटी मसुदा आणायला सांगितलाय, तीन महिन्यांत.

सहअध्यक्षपदाचं मी सुचवलं, त्यावर हसले. ते पुन्हा काढणार आहे.

पहिल्या विषयपत्रिकेत मी तीन विषय टाकलेत, त्यातला एक निवाऱ्यांच्या पायऱ्यांचा. आमच्या भागातले सगळे निवारे आम्ही पाच जणी स्वतः जाऊन बघणार, व्हीलचेअरसकट.

आज सकाळी ऑफिसातून इतिवृत्त आलं. पहिल्या पानाचा मजकूर होता, व्यवस्थित, मी अगदी खूश. दुसरं पान फोटो. फोन केला तर पोरगा म्हणाला मॅडम दुसऱ्या पानावर सह्या होत्या ना म्हणून. पाठवतोय पुन्हा.

तर आता नियमावलीच्या दुरुस्तीचा मसुदा कोणाकडे तयार असेल तर द्या. वर्ड फाइल चालेल, साधा मजकूर चालेल. फोटो नको!